बोट आधी मागून पाहावी

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते. तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि बाजूच्या मैदानात घोडेच घोडे. मारवाडातून, काठेवाडातून, पंजाबातून आलेले. आमचे बापू सुतार. दोंडाईच्याच्या आसपासच्या गावांना ते बैलगाड्या करून द्यायचे. यात्रेत चाकं दुरुस्त करायला बसायचे आणि हातातलं काम उरकलं की मला घेऊन घोडेबाजारात जायचे. घोडा घ्यायची आमची ऐपत नव्हती, पण पाहायला पैसे लागत नव्हते. बापूंचा नियम एकच होता. पहिली चक्कर नुसती मागून मारायची. "पुढून बठ्ठा घोडा देखणा दिखतस," ते म्हणायचे, "मांगून देख." मागून पाय कसे पडतात ते कळतं, पुठ्ठा भरलेला आहे की नाही ते कळतं, उभं असताना जनावर कुठल्या पायावर भार टाकतं ते कळतं. पुढून आयाळ आणि साज दिसतो.

हा नियम मला ६२व्या वर्षी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कामी आला. समोर शंभर वर्षांच्या शिडाच्या बोटी उभ्या होत्या आणि त्या ओळखायच्या होत्या.

मी आयटीआयमध्ये ३१ वर्षं सुतारकाम शिकवलं. निवृत्त झालो तशी लेक मागे लागली. ती आणि जावई सोफिया अँटिपोलिसला संगणकाच्या नोकरीत आहेत, राहतात शेजारच्या आंतीब गावात. आम्ही दोघं ९० दिवसांचा व्हिसा घेऊन, बरोबर मिरचीचा ठेचा आणि कळण्याचं पीठ घेऊन निघालो. जूनचा पहिला आठवडा होता. लेक म्हणाली, "आप्पा, बंदरात जुन्या लाकडी बोटी आल्यात. तुम्हाला सुतारकाम बघायला मिळेल." आंतीबच्या बंदरात दरवर्षी जूनच्या सुरुवातीला जुन्या बोटींच्या शर्यती होतात. बंदराला पोर्ट व्होबाँ म्हणतात. एका अंगाला जुन्या गावाचा दगडी तट, पाण्यापलीकडे फोर कारे नावाचा किल्ला, आणि मधल्या धक्क्यावर वार्निशानं चकाकणारं लाकूड.

पहिल्या सकाळी मला फक्त डोलकाठ्या दिसल्या. डोलकाठ्यांचं रान. त्यांना बांधलेले शेकडो दोर वाऱ्यावर लाकडाला आपटत होते आणि त्या टकटकीनं सगळा धक्का भरून गेला होता. कुठली बोट कुठे संपते आणि पुढची कुठे सुरू होते, तेही नजरेला उलगडत नव्हतं. लेकीनं विचारलं, "कोणती आवडली?" मला सांगता येईना. सगळ्याच आवडल्या होत्या, म्हणजे अजून एकही पाहिली नव्हती.

मग लक्षात आलं की आपण उभे आहोत ते सगळ्या बोटींच्या मागे. भूमध्य समुद्राकडची रीतच तशी आहे. बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, समुद्राकडे आणि पाठ धक्क्याकडे करून बांधतात, मागून एक फळी टाकून चढ-उतार करतात. मागच्या बाजूवर बोटीचं नाव आणि खाली तिच्या गावाचं नाव कोरलेलं असतं. माणूस धक्क्यावरून चालत गेला की एकेका बोटीची पाठ त्याच्या पुढ्यात येत जाते. मला बापू आठवले. म्हटलं, नियम तोच. पहिली चक्कर नुसती मागून.

त्या चक्करीला दीड तास लागला. तेवढ्यात पाठींचे तीन प्रकार वेगळे दिसायला लागले. काही बोटी मागे सरळ फळी लावून तोडल्यासारख्या संपतात. काही मागूनही होडीच्या टोकासारख्या निमुळत्या होतात, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे टोक. आणि सगळ्यात जास्त होत्या त्या तिसऱ्या प्रकारच्या. यांचं अंग पाण्याच्या रेषेवर संपत नाही. ते पाण्याच्या वर वर येत, अरुंद होत, हात-दोन हात नव्हे, तर काही मीटर मागे झेपावतं आणि मग एका लहानशा लंबगोल तुकड्यात मिटतं. एखादी मोठी ओंजळ सावकाश मिटावी तसं. त्या वळणावर फळ्या बसवायच्या म्हणजे प्रत्येक फळी दोन दिशांनी वाकवायची आणि वर पीळही द्यायचा. मी आयुष्यभर लाकडात वळणं काढली आहेत. गाडीच्या चाकाचे पाटे आम्ही वळणदार लाकूड निवडून तासून काढतो, वाकवत नाही, कारण बाभूळ इतकं वळण सोसत नाही. इथं एकेक फळी दहा-दहा मीटरची असेल, आणि शेवटच्या मीटरभरात तिला पीळ दिलेला. मी तिथं वाकून पाहत बसलो. सौ. पुढे निघून गेली, परत आली, तरी मी तिथंच.

धक्क्याच्या बाकावर एक म्हातारबुवा रोज बसायचे. गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला हाक मारली, कारण मी कालचा पूर्ण वेळ एकाच बोटीच्या पाठीशी बसलो होतो हे त्यांनी पाहिलं होतं. मूळचे ब्रिटनीकडचे, आता मुलाकडे राहायला आलेले, माझ्यासारखेच. त्यांना इंग्रजी येत होतं, माझंही कामापुरतं आहे, आणि उरलेलं हातांनी. त्यांची वही पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या माणसानं बोटी नावानं लिहिलेल्याच नाहीत. प्रत्येक पानावर फक्त एक रेघ. बोटीच्या वरच्या कडेची, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची. कोपऱ्यात साल आणि बांधणाऱ्याचं आडनाव.

त्यांनी मला शिकवलं ते असं. आधी डोलकाठ्या मोज. एक असेल तर पुढची त्रिकोणी शिडं मोज. एकच असेल तर स्लूप, दोन-तीन असतील तर कटर. डोलकाठ्या दोन असतील तर मोठी कोणती ते बघ. मागची मोठी किंवा दोन्ही सारख्या असतील तर स्कूनर. पुढची मोठी असेल तर ती केच किंवा यॉल, आणि इथंच सगळे फसतात. दोन्हींत मागची डोलकाठी छोटी. पण केचमध्ये ती सुकाणूच्या दांड्याच्या पुढे असते, यॉलमध्ये त्याच्याही मागे, अगदी शेपटावर. यॉलचं मागचं शीड रुमालाएवढं असतं आणि त्याची आडवी काठी बोटीच्या बाहेर पाण्यावर जाते. हे एकदा पाहिलं की विसरत नाही. आमच्या गावात खाचर आणि दमणी या बैलगाड्यांमधला फरक जसा लहान पोरालाही सांगावा लागत नाही, तसं.

मग शिडाचा माथा बघायचा. माथ्यावर तिरकी काठी असेल आणि शीड चौकोनी असेल तर ते गाफचं शीड. नुसता उंच त्रिकोण असेल तर बर्म्युडा शीड. साधारण पहिल्या महायुद्धापर्यंत शर्यतीच्या मोठ्या बोटी गाफच्या असत, पुढे १९२०च्या दशकात त्रिकोण आला. त्यामुळे मला वाटलं, झालं, आता वय सांगता येईल. चौकोनी म्हणजे १९२०च्या आधीची, त्रिकोणी म्हणजे नंतरची.

म्हातारबुवांनी तर्जनी हलवून नाही म्हटलं. शीड हा कपडा आहे. कितीतरी जुन्या बोटींना त्यांच्या मालकांनी मध्येच डोलकाठी बदलून त्रिकोणी शिडं चढवली, कारण ती ओढायला माणसं कमी लागतात. पुढे ४०-५० वर्षांनी कुणीतरी त्या बोटी पुन्हा मूळ नकाशाप्रमाणे गाफच्या केल्या. नावंही बदलतात. फाईफ या स्कॉटलंडच्या बोटी बांधणाऱ्यांची 'मूनबीम' मोनॅकोच्या प्रिन्स रेनिए यांनी घेतली तेव्हा तिचं नाव 'देओ जुवांते' झालं, आता ती पुन्हा 'मूनबीम' आहे. नाव, शीड, रंग, डेकवरच्या खोल्या, सगळं बदलतं. अंग बदलत नाही. म्हणून वहीत फक्त अंगाची रेघ.

त्या दिवसापासून माझ्याही वहीत रेघा सुरू झाल्या.

शर्यती दुपारी असतात. अकरा-बाराला वारा सुटायला लागला की एकेक बोट दोर सोडते आणि धक्का रिकामा होत जातो. आम्ही तटावर चढून बसायचो. लांबून फक्त आकार दिसतात आणि खरी परीक्षा तिथं असते. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट सकाळी धक्क्यावर घडली, आणि ती शर्यतीची नव्हती.

एका छोट्या बोटीवर एक सुतार काम करत होता. तिची पाण्यावरची एक सांध उघडली होती. दोन फळ्यांमधल्या त्या खाचेत तो काहीतरी पांढरं भरत होता. मी जवळ गेलो. कापूस! पिंजलेल्या कापसाचा सैल पीळ, साधारण करंगळीएवढा. तो पीळ खाचेत ठेवायचा, त्यावर पसरट तोंडाची लोखंडी पटाशी धरायची आणि लाकडी मोगरीनं ठोकत जायचं. पीळ एकसारखा बसत नाही, थोडा थोडा दुमडत, घड्या घालत बसवायचा. जिथे खाच रुंद तिथे घडी दाट, जिथे अरुंद तिथे विरळ. मोगरीचा आवाज ऐकून कळतं की कापूस किती बसला. आवाज भरीव झाला की पुढे सरकायचं. वरून लांबी भरायची. मोठ्या जहाजांना या कामासाठी डांबर लावलेले तागासारखे धागे वापरतात, पण यॉटला कापूसच. मग बोट पाण्यात उतरली की लाकूड फुगतं, कापूस दाबला जातो आणि सांध बंद होते. त्याने मला मोगरी दिली. मी हातभर सांध भरली. तिसऱ्या ठोक्याला आवाज ओळखीचा वाटला.

हे माझ्या इतकं जवळचं होतं की मला बोलता येईना. उन्हाळ्यात आमच्याकडे गाडीचं चाक वाळतं. लाकूड आकसतं, लोखंडी धाव सैल होते, आरे तुंब्यात खिळखिळे होतात. मग शेतकरी काय करतो? चाकं काढून नदीत, नाही तर पाण्याच्या डोहात बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, धाव पुन्हा घट्ट. बोट जास्त दिवस पाण्याबाहेर राहिली की ती गळते, पाण्यात ठेवली की आपोआप बंद होते, हे त्या सुतारानं मला सांगायच्या आधीच मला माहीत होतं. आणि कापूस तर आमच्या घराच्या ओसरीवर साठवलेला मी लहानपणापासून पाहिला आहे. दोंडाईच्याला जिनिंगवाल्यांच्या दारात दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागायची, कापूस हातात घेऊन धागा ताणून त्याची लांबी बघणारे व्यापारी मी पाहिले आहेत.

शिडंही पूर्वी कापसाचीच होती. १८५१ साली इंग्लंडमधल्या वाईट बेटाभोवती जी शर्यत झाली, ज्यातून पुढे अमेरिकाज कप हे नाव आलं, ती जिंकणाऱ्या 'अमेरिका' या स्कूनरची शिडं यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची होती. इंग्रजांच्या बोटींची शिडं जवसाच्या धाग्याची, ती फुगून पोटासारखी व्हायची. सुती शीड सपाट राहायचं, म्हणून वाऱ्याच्या जवळून जाता यायचं. पुढे यॉटची चांगली शिडं लांब धाग्याच्या इजिप्शियन कापसाची होऊ लागली, आणि १९५०च्या दशकात पॉलिस्टर येईपर्यंत तीच राहिली. लांब धाग्याचा कापूस म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या जुन्या देशी वाणाचा धागा आखूड होता, त्याला भाव कमी मिळायचा. त्या धाग्याच्या लांबीवर शर्यती ठरत होत्या, हे मला ६२व्या वर्षी समजलं.

त्याच आठवड्यात एक चूकही झाली, तीही सांगितली पाहिजे. एक सुंदर गडद निळी बोट होती. लांब झेपावलेली पाठ, सागवानी डेक, पितळेचे खांब. मी वहीत रेघ काढली आणि कोपऱ्यात लिहिलं, १९३०च्या आसपास. म्हातारबुवांनी वाचून मला परत धक्क्यावर पाठवलं. म्हणाले, "डोलकाठीला हात लाव." हात लावता आला नाही, पण जवळून पाहिलं. रंग लाकडाचा दिला होता, रेषा मात्र कुठेच नाहीत. कार्बनची डोलकाठी. बोट दहा-बारा वर्षांपूर्वी बांधलेली. जुन्या वळणाच्या नव्या बोटींचा एक वेगळा वर्गच असतो. भूमध्यावरच्या या शर्यतींत १९५०च्या आधी पाण्यात उतरलेली बोट एका वर्गात धरतात, १९५० ते १९७५मधली दुसऱ्या वर्गात, आणि अशा नव्या बोटी बाजूला. बाहेरून दिसत नाही, पण पाण्याखाली त्यांचं अंग एकदम आधुनिक असतं. कणा लांब सलग नसतो, खाली पात्यासारखा एक पंख असतो आणि सुकाणू त्याच्यापासून वेगळं. जुन्या बोटीत सुकाणू कण्याच्याच शेवटी टांगलेलं. म्हणून बोट ओढून वर काढलेली दिसली तर ती संधी सोडू नये.

निघायच्या आदल्या दिवशी म्हातारबुवांनी विचारलं, "तू मुंबईचा का?" मी म्हटलं, मुंबईपासून रात्रभराच्या अंतरावर. ते म्हणाले, "मग तुला 'सुहेली' माहीत असणार." मला माहीत नव्हती. त्यांनी वहीचं मागचं एक पान उघडलं. रेघ छोटी, जाड, दोन्हीकडे टोक असलेली. कोपऱ्यात लिहिलं होतं, मुंबई, सागवान.

दोंडाईच्याला परत आल्यावर महिनाभर मी त्या बोटीच्या मागे होतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्रज व्यापारी जहाजांवरचे अधिकारी, त्यांची ही ३२ फुटी केच मुंबईत कुलाब्याला सागवानात बांधली गेली. आराखडा अमेरिकन विल्यम ॲटकिन यांचा, आणि त्याचं मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचावनौकांमध्ये. म्हणून दोन्हीकडे टोक. मागून येणारी लाट अशा बोटीच्या पाठीवर आपटत नाही, दुभंगते. १४ जून १९६८ला नॉक्स-जॉन्स्टन या बोटीतून एकटे इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ला तिथंच परत आले. ३१२ दिवस, कुठेही न थांबता, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा. असं करणारे ते पहिले. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पूर्ण केली ती एकानं. इतरांपैकी काहींकडे जास्त वेगाच्या बोटी होत्या. टिकली ती मुंबईच्या सुतारांनी सागवानात बांधलेली. मुंबईत वाडियांच्या कारागिरांनी १८१७ साली सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाजही अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. सागवानाला तेल असतं, कीड लागत नाही, लोखंडी खिळा त्यात ओकच्या मानानं उशिरा गंजतो, हे मी आयटीआयच्या पोरांना ३१ वर्षं फळ्यावर लिहून देत होतो. उदाहरण मात्र दाराच्या चौकटीचं द्यायचो.

मग अभ्यास सुरू झाला. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्यांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर मी आकृत्या काढल्या, एका पत्रिकेवर एक बोट. नातू सातवीत आहे, तो मोबाइलवर शर्यतींचे व्हिडिओ लावायचा. खेळ असा ठरवला की तो अंगठ्यानं शिडावरचा नंबर झाकणार आणि मी बोट ओळखणार. सुरुवातीला दहात दोन यायच्या. दिवाळीपर्यंत सहा-सात यायला लागल्या. हळूहळू काही हात ओळखू यायला लागले, म्हणजे बांधणाऱ्यांचे हात.

स्कॉटलंडच्या क्लाईड खाडीवर फेअरली नावाचं एक छोटं गाव. तिथे फाईफ घराण्यानं तीन पिढ्या बोटी बांधल्या. तिसरे विल्यम फाईफ, १८५७ ते १९४४. त्यांच्या बऱ्याच बोटींच्या पुढच्या बाजूला सोनेरी रेघ सुरू होते तिथे ड्रॅगनचं कोरीव तोंड असतं. ते दिसलं तर प्रश्नच मिटतो. पण ते जवळूनच दिसतं. लांबून फाईफ ओळखायचा तो त्या वरच्या कडेच्या रेघेवरून. ती पुढे थोडी उंच, मग हळूच खाली येत मध्याच्या मागे सगळ्यात खाली, आणि पाठीकडे पुन्हा किंचित वर. कुठेही सरळ नाही आणि कुठेही वळण दिसत नाही. बापूंनी बनवलेल्या दमणीच्या धुरीला असंच न दिसणारं वळण असायचं. आसपासच्या गावांतली माणसं रस्त्यावरून जाणारी गाडी बघून सांगायची की ही आमच्या घरची.

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातले नथॅनिएल हेरेशॉफ, १८४८ ते १९३८, हे दुसरे. त्यांची १९१५ सालची 'मॅरिएट' ही स्कूनर. आणि तिसरे ओलिन स्टीफन्स. यांनी २१-२२व्या वर्षी 'डोराड' ही यॉल आखली, आणि १९३१ साली तिनं अटलांटिक ओलांडायची शर्यत जिंकली. त्या बोटीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिच्या डेकवरची हवेची पेटी. खाली माणसं झोपतात, त्यांना हवा हवी, पण लाट आली तर पाणी जायला नको. म्हणून डेकवर लाकडी पेटी ठेवायची, आत मध्यावर पडदी. पेटीच्या एका टोकावर हवा घेणारा कर्णा, दुसऱ्या टोकाला खाली जाणारी नळी, तीही पेटीच्या तळापासून थोडी वर उचललेली. कर्ण्यातून पाणी आलं तर पेटीत पडतं आणि तळाच्या भोकांतून डेकवर वाहून जातं. हवा पडदीवरून वळसा घेऊन नळीत उतरते. चार फळ्यांचं काम. आज जगभरच्या बोटींवर ही पेटी असते आणि तिला डोराडच म्हणतात. मी आयटीआयमध्ये जाऊन पोरांकडून एक करून घेतली. पोरांनी वरून बादलीभर पाणी ओतलं आणि खाली ठेवलेला कागद कोरडा निघाला तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या.

पुढच्या वर्षी आम्ही सप्टेंबरात गेलो. महिनाअखेरीला जवळच्या कान (Cannes) शहरात 'रेगात रोयाल' नावाची शिडाच्या बोटींची शर्यत असते, १९२९ साली पहिल्यांदा भरलेली. आंतीबहून रेल्वेनं थोडाच वेळ लागतो. बोटी जुन्या बंदरात, ल स्युके टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर चढलं की सगळी खाडी दिसते. म्हातारबुवा या वेळी आले नव्हते, प्रकृतीमुळे. लेकीनं फोन लावून दिला, त्यांनी एवढंच विचारलं, "पंधरा मीटरवाल्या आल्या का?"

पंधरा मीटर म्हणजे लांबी नव्हे. शर्यतीच्या बोटींचे वर्ग ठरवणाऱ्या १९०७च्या नियमात बोटीची लांबी, रुंदी, घेर, शिडाचं क्षेत्रफळ असं सगळं एका सूत्रात घालून जो आकडा येतो तो. प्रत्यक्षात ती बोट २३ मीटरच्या आसपास असते. या वर्गाच्या चारच बोटी जगात उरल्या आहेत, आणि चारही फाईफ यांच्या: 'मारिस्का' १९०८ची, 'तुईगा' आणि 'हिस्पानिया' १९०९च्या, 'द लेडी ॲन' १९१२ची. शिडावर वर्गाचं अक्षर डी, पुढे नंबर. मारिस्का एक, तुईगा तीन, हिस्पानिया पाच, लेडी ॲन दहा. यांतल्या तुईगा आणि हिस्पानिया जुळ्या बहिणी. स्पेनचे राजे तेरावे अल्फोन्सो यांच्यासाठी हिस्पानिया, आणि त्यांचे मित्र मेदिनासेलीचे ड्यूक यांच्यासाठी तुईगा. स्वाहिली भाषेत तुईगा म्हणजे जिराफ. एवढी उंच डोलकाठी पाहिली की नाव पटतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुरकट होतं. मी टेकडीवर, दुर्बीण लेकीच्या हातात. खाडीच्या तोंडाशी एक आकार आला. एक डोलकाठी. माथ्यावर तिरकी काठी, त्याच्यावर आणखी एक छोटं शीड. पुढे लांब बाहेर आलेला दांडा, त्यावर तीन त्रिकोण. गाफ कटर. बोट वळली आणि तिची पाठ आमच्याकडे आली. ती मिटणारी ओंजळ. वरच्या कडेची रेघ मी वहीत इतक्यांदा काढली होती की हात आपोआप हवेत फिरला.

"पंधरा मीटर," मी म्हणालो. "फाईफ. तुईगा नाही तर हिस्पानिया."

लेकीनं दुर्बीण लावली. बराच वेळ काही बोलली नाही. शिडाच्या दुमडीत नंबर झाकला जात होता. मग बोटीनं दिशा बदलली, शीड भरलं.

"डी," ती म्हणाली. "डी... तीन."

तुईगा. मी सौ.चा हात धरला होता हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी धक्क्यावर तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो. नाव वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. पाठीच्या त्या लंबगोल तुकड्याशी फळ्यांची टोकं कशी येऊन मिळतात ते पुन्हा एकदा पाहिलं आणि मग वहीत साल लिहिलं.

त्या वर्षी डिसेंबरात सारंगखेड्याला गेलो, नातवाला घेऊन. घोडेबाजारात बापूंच्या वेळचे एक जुने जाणकार अजून येतात. आता खरेदी-विक्री करत नाहीत, खाटेवर बसून लोकांना घोडे दाखवतात. नातवानं त्यांना मोबाइलवर तुईगाचा फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"मांगून देखी का रे भो?" त्यांनी मला विचारलं.

"मागूनच ओळखली, काका."

त्यांनी मान हलवली आणि खाटेवर सरकून आम्हा दोघांना जागा करून दिली.